कुठलंही बटन दाबा

थांबा, हातातलं काम जरा बाजूला ठेवा, हे मला आत्ताच सांगायचंय. जेवणाची सुट्टी झालीय, काका घरी गेलेत, दादा पान खायला गेलाय, आन लाईट अजून हाय. ती जायच्या आत सगळं टाईप करून टाकते. संध्याकाळवर टाकलं तर ऱ्हाऊनच जाईल. संध्याकाळी मी इतकी बेजार झालेली असते की आई ताट वाढते तवर भिंतीला टेकून डोळा लागलेला असतो.

आज सकाळी जे झालं ते सांगायचंय. पण मागचं सांगितल्याबिगर ते कळायचं न्हाई, म्हणून आधी मागचं.

परभणीत स्टेशन रोडला एका गाळ्यात आमचं कॉम्प्युटरचं दुकान हाय. दुकान म्हणजे काय, काचेची एक खोली. तिच्यात एक मशीन, एक प्रिंटर आन एक ए.सी. ए.सी. माणसांसाठी न्हाई, मशीनसाठी हाय. आमी बाहेरच्या बाकावर डबा खातो, मशीन आत थंडगार बसतं. चपला दाराबाहेर काढायच्या.

मालक म्हणजे काका. तहसील कचेरीत पेशकार होते, फायली पुढं सरकवणारे मोठे कारकून. रिटायर झाल्यावर पुण्याचा जावई म्हणला, मामा, आता जमाना कॉम्प्युटरचा हाय, तर घेतलं मशीन. माणूस वाईट न्हाई. रागानं बोलत न्हाईत, चहा पाजतात. पण सगळी उमर कचेरीत गेलेली. कागद हातात आला की त्यांची नजर वर मजकुराकडं जातच न्हाई, सरळ खाली जाते. सही कुणाची हाय? सही असली की काका निवांत. मजकूर काय बी असू दे.

दादा म्हणजे दुसरा ऑपरेटर. पोखर्णीकडचा, घरी शेती, औरंगाबादला कोर्स करून आलेला. मशीन चालू-बंद करणं, प्रिंट काढणं त्याच्याकडं. टाईप करायचं म्हणलं की दोन बोटं घेऊन कोंबडीवानी दाणे टिपतो.

आन तिसरी मी. पेडगावहून रोज एसटीनं येते. टायपिंगच्या मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा पास. इन्स्टिट्यूटमधल्या मशिनीचे दांडे माझ्या स्पीडनं एकमेकात अडकायचे, सर म्हणायचे, पोरी, हळू, मशीन सरकारी न्हाई. कॉम्प्युटरला दांडेच न्हाईत हे बघून मला काय आनंद झाला होता ते सांगता येत न्हाई. कितीबी पळवा, अडकत न्हाई!

काम मतदार याद्यांचं. गावोगावच्या हातानं लिहिलेल्या याद्या मराठीत टाईप करून द्यायच्या. मला ठेवलं ते तात्पुरतं. याद्या नीट गेल्या तर पक्की करू, काका म्हणले. घरी बाबा म्हणले, संक्रांतीपर्यंत वाट बघू. पक्की झाली तर जा-ये कर, न्हाई तर मामाच्या गावचं स्थळ आलंय, त्यांना हो म्हणून टाकू. म्हणजे एकीकडं याद्या, एकीकडं मांडव. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं त्याच्यावरच हाय.

पहिल्या दिवशी मी आले तवा औरंगाबादचा इंजिनियर मशीनचं झाकण उघडून बसलेला. मराठी यायला आत एक कार्ड बसवावं लागतं, ते बसवायला आलेला. बसवलं, अक्षरं आणून दाखवली, आन बस पकडायची म्हणून पळाला. काकांनी नारळ फोडला, अगरबत्ती लावली, दादाला म्हणले, बंद करून आपल्या हातानं एकदा चालू कर.

मशीन चालू झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात तुमाला ठाऊक असंल, आधी आकडे मोजतंय, मंग काय काय बडबडतंय. ते चाललेलं, आन मधीच थांबलं. इंग्रजीत एक ओळ आली. वॉर्निंग. मी जागा घ्यायला गेलो तर तिथं आधीच कुणीतरी सापडलं. त्याच्या खाली दुसरी ओळ, पुढं जायचं तर कुठलंही बटन दाबा.

आन बारकी रेघ लुकलुक करत ऱ्हायली.

"हे काल नव्हतं," दादा म्हणला. मंग माझ्याकडं बघून हसला, "ह्या आल्या आन वॉर्निंग आली."

मी पण हसले. काय करणार. पण ते मी ऐकून ठेवलं. वरून त्या ओळीतच लिहिलेलं, जागेवर कुणीतरी सापडलं.

काका चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. "वॉर्निंग म्हणजे मेमो," ते म्हणले. "मेमो कुणाच्या नावानं हाय?"

"नावानं न्हाई काका, नुसतंच हाय."

"नुसता मेमो नसतो. आन बटन दाबा म्हणतंय. म्हणजे वाचलं, समजलं, मान्य. दाबलं की सही झाली." मंग खुर्चीत टेकून म्हणले, "कोण दाबणार?"

दादानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. खरंच घेतले, शाळेत छडीच्या वेळी घेतात तसे. काका स्वतः तर न्हाईच. ती रेघ लुकलुक करायली, ए.सी. घुर्र करायलाय, आन मला टाईप करायचंय! मी तेवढ्यासाठी पेडगावहून उभ्यानं आलेली. मी पुढं झाले आन मधलं लांब बटन दाबलं. मशीन चालू झालं.

"तू दाबलंस," काका म्हणले.

"हो काका. दाबलं."

"बरं."

तवापासून ते माझं झालं.

रोज सकाळी तेच. काका अगरबत्ती लावतात, दादा चालू करतो, ओळी धावतात, थांबतात. तिघं उभे. "ये गं बाई." मी जाते, दाबते. "दाबलं काका." "बरं." आन मंग दिवसभर जे काय बिघडंल ते सकाळच्या बटनावर. लाईट गेली, वालूरची निम्मी यादी उडाली. काका म्हणले, मशीननं सकाळीच सांगितलं होतं, तू दाबलंस. प्रिंटरची फीत फाटली. तू दाबलंस. कागदाच्या गठ्ठ्याला उंदरानं कुरतडलं, तू दाबलंस. एकदा ए.सी.तून पाणी गळालं, ते बी माझ्याच नावावर. रागानं न्हाई म्हणायचे, बरं का. शांतपणे. फायलीत नोंद घातल्यासारखं. राग आला असता तर मी भांडले तरी असते. शांत माणसाशी भांडताना माणूस लय थकतो.

आन उडालेलं परत टाईप करायचं. वालूरची यादी मी इतक्यांदा केली की तिथली माणसं मला सोयऱ्यासारखी वाटायलीत. कुठल्या घरात सासू म्हातारी, कुठं दोन सुना, सगळं पाठ. कधी वालूरला गेले तर दारात उभं राहून म्हणंन, आत्याबाई, तुमाला मी चारदा लिहिलंय, पाणी तरी पाजा.

मला वाटलं, हे एकदा काय हाय ते बघावंच. मशीनबरोबर एक जाड पुस्तक आलेलं, इंग्रजी. बसमधी मांडीवर घेऊन, डिक्शनरी घेऊन वाचायचे. एका शब्दाला खड्डा, दुसऱ्या शब्दाला खड्डा. एवढं कळलं की आमच्या मशीनमधी एक प्रोग्राम हाय, तो सोंग करतो. मशीन नवं, पण मराठीचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा. तर हा सोंगाड्या नव्या मशीनच्या पोटात एक जुनं मशीन असल्याचा भास तयार करतो. नसलेलं मशीन, नसलेली जागा. जुना प्रोग्राम बिचारा त्याच्यात खुशीनं काम करतो, त्याला ठाऊकच नसतं की हे खरं न्हाई. मला ते वाचून बसमधी हसू आलं. शेजारची बाई म्हणली, काय गं, पत्र का काय?

तर हा भास मांडायला त्याला थोडी मोकळी जागा लागते. आन ती जागा धरायला गेला की तिथं कुणीतरी सापडतं. कोण?

एका दुपारी काका लग्नाला गेलेले. मी दादाला म्हणले, "दादा, झाकण उघडा."

"कशाला? काकांनी बघितलं तर?"

"मराठीचं कार्ड काढून बघू. त्याच दिवशी बसलं ना ते."

"तुमीबी त्याच दिवशी बसलाव," दादा म्हणला.

"मंग मला बी काढून बघा नंतर. आधी कार्ड काढा."

त्यानं पेचकस काढला. स्क्रू असा जपून काढला की जणू घोड्याच्या नालाचा खिळा काढायलाय. कार्ड काढलं, चालू केलं. ओळी धावल्या, धावल्या, कुठंच न थांबता शेवटपर्यंत गेल्या. वॉर्निंग गायब. मी टाळीच वाजवली! पण मराठी पण गायब. परत बसवलं, ओळ परत आली, मराठी परत आली. दोनदा करून बघितलं. दरवेळी तेच.

"म्हणजे तुमी न्हाई," दादा म्हणला. जरा ओशाळला. मंग म्हणला, "मी आपली गंमत केली होती तवा."

"ठाऊक हाय," मी म्हणले. ठाऊक होतं, पण इतके दिवस ते पोटात घेऊन हिंडले, ते काय गमतीनं कमी होत न्हाई.

प्रिंटर बिघडला म्हणून इंजिनियर परत आला, तवा मी त्याला काकांच्या समोरच विचारलं. तो हसायला लागला. "अहो, ते काय न्हाई. एसटीत रुमाल टाकून जागा धरता ना तुमी? ह्या प्रोग्रामनं खिडकीतून रुमाल टाकला. चढून बघतो तर सीटवर मराठीचं कार्ड आधीच बसलेलं. मंग तो एवढंच ओरडतो, इथं कुणीतरी हाय हो. आन ज्याची जागा त्याला सोडून आपलं भागवून घेतो. भांडण न्हाई, मारामारी न्हाई. तुमचं काम अडलं का कधी?"

"न्हाई," मी म्हणले.

"झालं तर मंग. धोका काय न्हाई."

मला वाटलं, सुटले! काकांकडं बघितलं. काकांनी खिशातून पेन काढला, टेबलावरचा कोरा कागद इंजिनियरच्या पुढं सरकवला.

"लिहून द्या."

"काय?"

"हेच. की ह्या वॉर्निंगपासून मशीनला आन कामाला कसलाबी धोका न्हाई. खाली सही."

इंजिनियरचं हसू गेलं. "काका, असं कुणी लिहून देत असतंय का? उद्या दुसऱ्याच कशानं मशीन बंद पडलं तर?"

"म्हणजे धोका हाय."

"न्हाई हो!"

"मंग लिहा."

पेन तसाच दोघांच्या मधी. मी, दादा, सगळे त्या पेनाकडं बघायलो. इंजिनियरनं तो उचलला न्हाई. प्रिंटर नीट केला, चहा प्याला, आन जाताना दारात चपला घालता घालता मला हळू म्हणला, "ताई, ज्या ओळीनं तो प्रोग्राम चालू होतो ना, तिच्या शेवटी एवढं जोडा, की तेवढी जागा सोडून बस. मंग गप बसतंय. पण मालकाला विचारून करा."

विचारलं. काका म्हणले, "तक्रार आली तर मिटवायची असती. तक्रारदाराला दारातून हाकलून तक्रार न्हाई म्हणायचं नसतं. आमच्या कचेरीत असंच करायचे काहीजण. ऱ्हाऊ दे ती ओळ."

खरं सांगू, ते ऐकून मला काकांचा राग पण आला आन ते बरोबरबी वाटलं. आन दोन्ही एकदम झालं की आणखीच थकायला होतं.

थंडी पडली. मी येत होते, दाबत होते, टाईप करत होते. मनगटं दुखायची. बसमधी उभ्या उभ्या बोटं आपोआप हलायची, मांडीवर, दांड्यावर. पेडगावची यादी आली माझ्याकडं. आमच्या वस्तीचं नाव त्या कागदावर जुनंच लिहिलेलं, जे आता आमी कुणी म्हणत न्हाई. मी काकांना दाखवलं. ते कागदाकडं बघत ऱ्हायले, माझ्याकडं न्हाई. "कागदावर हाय तसंच घ्यायचं, बाई. आपल्या हातात न्हाई." मी घेतलं तसंच. आईबाबांची नावं घातली. मंग पुढचं पान.

संक्रांत आली. आदल्या दिवशी मी काकांना विचारलं, "काका, माझ्या पक्कं करण्याचं?"

"याद्या जाऊ दे एकदा," काका म्हणले.

आन त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला. आमी लहान होतो तवापासून ऐकत आलेलो, आज होणार, उद्या होणार. मी नुकती बोलायला लागलेली, तवा सुरू झालेलं ते. बाबा त्याच्यापायी दोनदा जेलात जाऊन आलेले. रेडिओवर सांगितलं तवा बाबा चुलीपाशी बसलेले. उठले, परत बसले. आई म्हणली, "अहो, झालं की!" बाबा म्हणले, "झालं."  वस्तीत लोकांनी दिवे लावले, पण दारं लोटून. मोठ्यानं काय नको, बाबा म्हणले, जरा दिवस जाऊ दे. आनंद झालेला, पण दमलेला आनंद. लय लांबून चालत आलेला माणूस घरी पोचल्यावर आधी बसतो ना, तसा.

रस्त्यावर पोलीस, एसटी कधी चालू कधी बंद. बाबा म्हणले, चार दिवस परभणीला जायचं न्हाई. मी म्हणले, याद्यांची मुदत जवळ आलीय, नोकरी जाईल. बाबा म्हणले, जाऊ दे.

मी झोपले. खोटं कशाला बोलू, लय झोपले. जाग आली की वाटायचं, आता दादा यादी पुरी करंल, दोन बोटांनी का होईना. काका म्हणतील, ह्या बाईबिगर चाललं की. आन मामाच्या गावाला निरोप जाईल. परत झोपायचे.

मंग एका दुपारी आमच्या दारात स्कूटर थांबली. पुढं दादा, मागं काका, डोक्याला मफलर गुंडाळलेला, अंगावर धूळ. आमच्या वस्तीत काका पहिल्यांदाच आलेले. बाबांनी खाट टाकली. काका बसले, इकडं तिकडं बघितलं, आन काय बोलावं ते न कळून म्हणले, "झालं बाबा एकदाचं. बरं झालं."

"हो," बाबा म्हणले. "झालं."

आईनं चहा दिला. काका चहा प्याले, मंग माझ्याकडं वळले. "कधी येतीस?"

"यादी झाली का काका?"

काका दादाकडं बघायले, दादा स्कूटरकडं.

"मशीन चालूच केलं न्हाई," काका म्हणले.

"म्हणजे? इतके दिवस?"

"चालू केलं, पण ते तिथंच येऊन थांबतंय ना. बटन दाबा म्हणतंय. हा दाबंना."

"माझं लग्न ठरायलंय," दादा म्हणला. "उगं कशाला आत्ता सही करून ठेवू?"

"आन तुमी काका?"

"मी मालक हाय," काका म्हणले. "मालकानं दाबलं तर मंग विचारायचं कुणाला?"

आई चुलीजवळून हे सगळं ऐकत होती. आमच्या आईला कॉम्प्युटर काय ते ठाऊक न्हाई, पण बटन ठाऊक हाय. ती म्हणली, "एवढंच बटन दाबायचं असंल तर आमची कोंबडी घेऊन जावा की साहेब. दिवसभर टोचे मारतीया कशावरबी."

दादा हसून हसून खाली बसला. बाबापण हसले. काका हसले न्हाईत. ते मला म्हणले, "यादी गेली न्हाई तर काम हातचं जाईल, बाई. मी स्कूटरवर मागं बसून आलोय, ह्या उमरीत."

बाबांनी हसू आवरलं. "साहेब, एक विचारतो. पोरगी पक्की करताव का न्हाई? एकदा सांगा. आमाला पुढं एकांना निरोप द्यायचाय."

"पक्कीच हाय," काका लगेच म्हणले. "तिच्याबिगर बटन कोण दाबणार?"

बघा, ज्या शब्दासाठी मी दिवाळीपासून जीव काढला तो शब्द आला. पक्की! आई माझ्याकडं बघून डोळे पुसायली. आन मी तिथं उंबऱ्यावर उभी, मला काय होतंय ते मला कळंना. मी म्हणले, "आन माझं टायपिंग, काका?"

"ते बी हाय," काका म्हणले.

ते बी हाय.

दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. मामाच्या गावचं स्थळ मागं पडलं. दाबलं काका, बरं. पेडगावची यादी गेली, पोखर्णीची गेली. काकांनी दुकानाची एक किल्ली माझ्याकडं दिली. सगळं चांगलं झालं, मंग मी इतकी का थकलेली, असं आई विचारायची. मी म्हणायचे, थंडीनं.

आता आजचं.

मला ते 'ते बी हाय' सोडत नव्हतं. मला बघायचं होतं, की ती ओळच नसंल तर मी कशासाठी हाय. म्हणून आज पहिल्या गाडीनं आले, दुकान उघडलं, इंजिनियरनं सांगितलेलं ते प्रोग्राम चालू करायच्या ओळीच्या शेवटी जोडलं. तेवढी जागा सोडून बस. बंद करून चालू केलं. ओळी धावल्या, एकदाबी न थांबता! मराठी आली, यादी उघडली, प्रिंट आली. सगळं बरोबर. मी एकटीच त्या थंडगार खोलीत हसायले. बंद करून ठेवलं.

काका आले, अगरबत्ती लावली. दादानं चालू केलं. तिघं उभे. ओळी धावल्या, धावल्या, शेवटाला जाऊन पोचल्या.

 अगरबत्तीची राख पडली.

"ओळ?" काका म्हणले.

"गेली वाटतं," दादा म्हणला.

"कुठं गेली?"

"काका, मी काढली," मी म्हणले. "तुमी नको म्हणले होते, तरी काढली. आता भांडणच न्हाई, ज्याची जागा त्याला हाय. सगळं तपासून बघितलंय. वालूरची शेवटची पानं ऱ्हायलीत, करू का सुरू?"

काका रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून हातात घेतला. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. "म्हणजे आज कुणीच दाबलं न्हाई," ते म्हणले. "आता काय झालं तर कुणाला म्हणायचं? आज राहू दे काम. औरंगाबादला फोन लाव."

यादी उद्या द्यायचीय! माझी बोटं शिवशिवायलीत, मशीन पुढ्यात सुरू हाय, बरोबर हाय, आन आमी तिघं त्याच्याकडं बघत बसलाव. इतके दिवस धोका नसलेली ओळ येत होती म्हणून भीती. आता ती न्हाई म्हणून भीती. मी बसून ऱ्हायले, मंग उठले, आन काकांच्या देखत ते जोडलेलं काढून टाकलं. बंद, चालू. ओळी धावल्या आन थांबल्या. वॉर्निंग. तिथं कुणीतरी सापडलं. कुठलंही बटन दाबा.

काकांनी चष्मा घातला. तोंडावर रंग परत आला. "हां," ते म्हणले. "ये गं बाई."

मी खुर्चीत बसलेली, हात मांडीवर. ते उचलावेत असं वाटंचना. हट्ट नव्हता तो, आईशप्पथ. नुसता कंटाळा. मी म्हणले, "काका, माझं काम टायपिंगचं हाय. ते मशीन चालू झालं की मी करते."

"म्हणजे?"

"कुठलंही बटन म्हणतंय काका. कुणीबी दाबलं तर चालतंय."

दादानं हात पाठीमागं घेतलेच होते. रेघ लुकलुक करायली. बाहेर रिक्षावाला ओरडायलाय. काकांनी घड्याळाकडं बघितलं, यादीच्या गठ्ठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तशीच. शेवटी ते उठले, मफलर नीट केला, एक बोट पुढं केलं आन कोपऱ्यातलं एक बटन असं टेकवलं की जणू तापलेल्या तव्याला हात लावायलेत.

मशीन चालू झालं.

काका थोडा वेळ तिथंच उभे. मंग सवयीनं, पण माझ्याकडं बघून, म्हणले, "दाबलं बाई."

मी म्हणले, "बरं."

आन टाईप करायला लागले. अकराच्या सुमाराला फीत अडकली. दादानं सवयीनं माझ्याकडं बघितलं, मंग हळूच काकांकडं. काका म्हणले, "माझ्याकडं काय बघतोस? फीत हाय, अडकती." इतक्या महिन्यांत फीत पहिल्यांदा नुसती फीत झाली! जेवायला जाताना काका दारात थांबले, म्हणले, "वालूर आज होईल ना? तुझ्याबिगर व्हायचं न्हाई ते."

झालं, एवढंच. उद्या सकाळी कोण दाबंल ठाऊक न्हाई, बहुतेक मीच. थकवा काय एका दिवसात जात न्हाई. दादा येताना दिसायलाय, तोंड लाल करून. पण आधी तुमी सांगा, तुमच्या हापिसात, घरात, कुठंबी, असं झालंय का हो कधी, की ज्याच्यात धोकाच न्हाई त्याची सही रोज तुमीच करत ऱ्हायलाव, आन एक दिवस हात उचलंचना?